चोराला बहीण नसते

मोरेटला, १२ जून २००५

रापुला,

फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. रजिस्टर करून पाठवते आहे, म्हणजे ‘मिळालंच नाही’ म्हणायची सोय तुला राहणार नाही.

आधी दंडाचं सांगते. खोत्ल्यात, गावाच्या न्यायसभेत, सगळ्यांदेखत खुर्ची आपटून निघून गेलास त्याबद्दल एक बकरा. तो मी तुझ्या गुरांच्या वाड्यातून उचलून आणला. चांगला तगडा निघाला. माणसं पोटभर जेवली. सेलेलो काका हाड चोखत म्हणाले, “पोरगं तापट आहे, पण बकरे झकास पाळतं.” राग आला? येऊ दे. तिकडे रुस्टेनबर्गच्या खाणीत जमिनीखाली बसून खुशाल रागाव.

आता निकालाचं. तुला वाटतं मी बहीण असून उलटले. मी तिथे बहीण म्हणून बसलेच नव्हते. बाबांच्या मागे या गावाची कोसी, गावप्रमुख, म्हणून बसले होते. या खुर्चीत आजवर एकही बाई बसली नव्हती हे तुला ठाऊक आहे, आणि ही खुर्ची काकांना हवी होती हेही ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून अर्धं गाव टपून बसलंय, की बघा, ही भावाला झुकतं माप देणार. आणि पहिला मोठा तंटा आला तोच तुझा!

रा मोरापेदी म्हणाला, ही तांबडी, पाठीवर पांढरा पट्टा असलेली कालवड माझी, दुष्काळात हरवलेली. त्याच्या घरची खूण म्हणजे डाव्या कानाच्या खालच्या कडेला कात्री. कालवडीच्या डाव्या कानाला खालीच खाच होती. सगळ्यांनी पाहिली, मीही पाहिली. आपली खूण उजव्या कानाला, ती नव्हतीच. का नव्हती तर तुझं म्हणणं, सेतुन्याशी तुझं लग्न ठरलं म्हणून ही तिच्या वडिलांना लग्नाच्या गुरांत द्यायची होती, म्हणून खूण त्यांनीच करावी असं तू ठरवलंस. आणि डावा कान? तो म्हणे गोचिडांनी खाल्ला. अरे, जगातल्या प्रत्येक चोरीच्या गायीचा कान गोचिडांनीच खाल्लेला असतो!

वर मलाच शहाणपण शिकवलंस. “ताई, संध्याकाळी हिला दोन्ही वाड्यांच्या मध्ये सोड. आपल्या आईकडे जाईल ती.” मी म्हणाले, या खुर्चीला न्याय गायीकडून शिकायची गरज नाही. लोक खो खो हसले. मग तू ओरडलास, “तू माझी बहीण आहेस की नाही?” तेव्हा मी जे बोलले ते आजही बोलेन. चोराला बहीण नसते. गावाने जागच्या जागी उठून दाद दिली. काकांनीसुद्धा.

दोन ब्लँकेटं पाठवते आहे. तिकडे जून-जुलैत कडक थंडी असते म्हणतात. परत पाठवू नकोस, टपालखर्च माझ्या डोक्यावर बसतो.

बोइकान्यो


मोरेटला, ३० ऑक्टोबर २००५

रापुला,

ब्लँकेटं परत आली. छान. मी पांघरते आहे, या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात, तुझ्या नाकावर टिच्चून.

एक बातमी आहे, दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. डिखाकाहून सेतुन्याचे मामा आले होते. मागणीच्या वेळी आपण नेलेली शाल आणि भांडी त्यांनी अंगणात ठेवली, चहाला नको म्हणाले, आणि उभ्या उभ्या सांगून गेले, “ज्याला स्वतःच्या बहिणीने चोर म्हटलं त्याला आम्ही मुलगी कशी देणार?” माझंच वाक्य ते माझ्याच अंगणात ठेवून गेले.

पण म्हणून निकाल बदलत नाही, हे लक्षात ठेव. निकाल हा निकाल असतो.

इकडे सगळं ठीक. शेजारची मा खुमो माझ्यावर हसते. परवा तिच्या अंगणात बसले होते, तर तिच्या शेळीचा कान हातात घेऊन बराच वेळ चाचपत राहिले म्हणे. ती म्हणाली, “कोसी, शेळी विकायची नाही हं.” कसला कान आणि कसलं काय, हात रिकामे होते इतकंच. बाबांची आठवण झाली होती. बाबा कानाच्या कडेवरून अंगठा फिरवून सांगायचे, सुरीने कापलेली कड भरून आली की गुळगुळीत होते, गोचिडांनी कुरतडलेली गाठीगाठीची राहते. मला त्यांनी गोठणावर नेलं ते तू जन्मायच्या आधी. मुलगी असून नेलं. तू आलास आणि मला चुलीपाशी परत पाठवलं. ते असू दे.

त्या दिवशी कान मी खुर्चीतूनच पाहिला. उठायची गरज नव्हती. माझी नजर चांगली आहे.

पत्र लिहायचं नसेल तर नको लिहूस. मी काही वाट बघत बसलेली नाही.

बोइकान्यो


मोरेटला, ९ एप्रिल २००६

रापुला,

यंदा पाऊस चांगला झाला. ज्वारी छातीएवढी वाढली आहे. कलिंगडं इतकी, की गाढवांना घालतोय. मोठ्या वाटेवरचा पूल वाहून गेला. सेलेलो काकांचा गुडघा दुखतो. आणखी काय लिहू?

लिहिते. मी काही पळपुटी नाही.

रा मोरापेदीच्या गोठणावर गेले होते. बोअरच्या पाण्यावरून त्याचं शेजाऱ्याशी भांडण आहे, जागा बघायची होती. या वेळी म्हटलं, चालत जाऊन बघावी. डोणीवर गुरं पाणी पीत होती. त्यांत तुझी तांबडी होती. तुझी म्हणजे ज्या तांबडीवरून तंटा झाला ती. आणि तिच्या शेजारी दुसरी तांबडी. पाठीवर तसाच पट्टा, पायाशी वासरू.

मी विचारलं, “ही कुठली?”

“ही पण माझीच, कोसी.”

“हरवल्या किती होत्या?”

“एक.”

“आणि सापडल्या दोन?”

तो टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, “पाऊस चांगला झाला ना, कोसी.”

मी डोणीपर्यंत गेले. चिखलात घोट्यापर्यंत पाय. आधी नवीन आलेलीचा डावा कान धरला आणि अंगठा फिरवला. कात्रीची खूण, सरळ आणि गुळगुळीत. मग दुसरीचा. तिने मान झटकली, मी पुन्हा धरला. रापुला, कड गाठीगाठीची आहे. वाटाण्यासारख्या गाठी. आंधळ्यालासुद्धा कळलं असतं. किंबहुना आंधळ्याला कळलंच असतं, कारण त्याने हात लावला असता.

मी रा मोरापेदीवर भडकले. म्हटलं, ही परत आली तेव्हा तोंड का शिवून बसलास? तो म्हणाला, “मी चोरी केलेली नाही, कोसी. मागितली तेव्हा मला वाटत होतं, बहुतेक माझीच असेल. थोडी शंका होती. पण तुम्ही इतक्या ठासून सांगितलंत की माझी शंकाच गेली. मग ही वासराला घेऊन दारात उभी राहिली. म्हटलं, आता कोसीला कसं सांगायचं की तुम्ही चुकलात? तुम्हाला कोणी असं सांगतं का?”

मी म्हणाले, सांगतात की. म्हणाला, “कोण?”

घरापर्यंत आठवत आले. तू सांगितलं होतंस. तुला मी बकऱ्याचा दंड केला.

चुकले मी. हे लिहिताना संताप होतोय. तुझ्यावर नाही. पण तूही जरा थांबला असतास, कान माझ्या हातात दिला असतास, तर? जाऊ दे. हे वाक्य खोडणार होते, तसंच ठेवते, म्हणजे मी कशी आहे ते तुला दिसेल.

गाय कुठे पाठवू, ते कळव.

बोइकान्यो


मोरेटला, २१ मे २००६

रापुला,

तुझं पत्र मिळालं. वर्षभराने दोन ओळी. “गाय नको. जिथे बोललीस तिथे बोल.” अक्षर अजून कोंबडीने पाय ओढल्यासारखंच आहे तुझं.

जिथे बोलले तिथे बोलणं किती सोपं आहे ते ऐक.

काकांना सांगितलं. त्यांनी तपकीर ओढली, शिंकले, आणि म्हणाले, “गाय गुपचूप रापुलाच्या वाड्यात सोडून दे. लोक म्हणतील, गाय घरी परत आली. गायी परत येतात. विषय संपला.”

मी म्हटलं, “आणि चोर हा शब्द? तो कोणत्या वाड्यात सोडू?”

“शब्द विसरतात लोक.”

“डिखाकाचे विसरले नाहीत.”

मग ते गंभीर झाले. “बोइकान्यो, तुझ्या बापाने, त्याच्या बापाने, कधी खोत्ल्यात उभं राहून ‘मी चुकलो’ म्हटलेलं ऐकलंस? कोसी असं बोलायला लागला तर उद्या दंड कोण भरेल? आणि एक आत्ताच सांगून ठेवतो. तू बोललीस तर मी खुर्ची मागेन. मला मागावीच लागेल.” तोंडावर सांगितलं, याबद्दल मी त्यांना मानते.

काकांचं एक वेळ समजू शकते. पण मा खुमो! जिने मला खुर्चीत बसवताना इतका आनंदाचा गजर केला की आठवडाभर घसा बसला होता, ती ज्वारी पाखडायची सोडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “गप्प बस,” म्हणाली. “पुरुष कोसी चुकला तर एक माणूस चुकला. तू चुकलीस तर आम्ही सगळ्या चुकलो. माझी नात म्हणते, मोठी झाले की कोसीसारखी होईन. तिला काय सांगू? की बाईला कानावरची खूण कळत नाही?”

ती खोटं बोलत नव्हती. काही पुरुष या एका चुकीवर पिढ्यान्‌पिढ्या जगतील, हे मलाही दिसत होतं. दोन दिवस मी गप्प बसले. तुझं पत्र डब्याखाली दडपून ठेवलं आणि ठरवलं की तुला लिहायचं, बाबा रे, माझ्या हातात नाही.

मग माझाच मला राग आला. नातीला काय सांगायचं म्हणजे? बाई खुर्चीत बसते ती कधीच न चुकण्याच्या अटीवर बसते, असं सांगायचं? ही अट कोणी घातली? पुरुषांना कधी घातली होती? मी तर नाही मान्य केली. मा खुमोला तसं तोंडावर सांगितलं. ती बोलत नाहीये माझ्याशी. तूही बोलत नाहीस. बरंच आहे, घरात शांतता आहे.

पुढच्या महिन्यात खोत्ला बोलावते. विषय मी स्वतः.

बोइकान्यो


मोरेटला, १८ जून २००६

रापुला,

झालं.

थंडी होती. मध्ये लाकडं पेटवली होती. पुरुष आपापल्या खुर्च्या घेऊन आले, बायका शाली गुंडाळून खाली बसल्या. इतकी गर्दी कोणाच्या मयताला होत नाही. मी खुर्चीत बसले नाही. काकांना बसवलं आणि ज्याच्यावर आरोप असतो तो बसतो तिथे मातीत जाऊन बसले.

काकांनी विचारलं, “आरोपी कोण?”

“मी.”

“फिर्यादी कोण?”

“रापुला. तो रुस्टेनबर्गला आहे.”

मागून कोणी तरी म्हणालं, “मग त्याची बाजू कोण मांडणार?”

“तीही मीच. गेल्या वेळी ऐकली नव्हती, म्हणून आता नीट पाठ केली आहे.”

हसले लोक. मग हसणं थांबलं, कारण मी सगळं सांगितलं. दोन तांबड्या, दोन कान, अंगठा. रा मोरापेदी उठून म्हणाला, “खरं आहे. गाय बाहेर आणून बांधली आहे.” मी म्हणाले, माझा भाऊ चोर नाही, तो खरं बोलत होता, आणि मी तुम्हा सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं. ते मी परत घेते. तुम्हीही घ्या. त्या दिवशी ज्यांनी उठून दाद दिली त्यांनी आज उठून परत घ्या.

कोणी हललं नाही. मी वाट बघितली. नंतर एकेक उठायला लागले. काही कुरकुरत उठले. काकांना गुडघ्यामुळे दोघांनी उठवलं.

मग रा मोरापेदीच्या शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “कोसी, म्हणजे तुमचे बाकीचे निकालही असेच?”

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. म्हटलं, “ज्याला शंका असेल त्याने यावं, मी पुन्हा बघेन. पण बाकी प्रत्येक वेळी मी उठून जवळ गेले होते. याच वेळी उठले नाही. भावाच्या गायीला हात लावला तर तुम्ही काय म्हणाल याची मला भीती होती. तुम्हाला मी न्यायी दिसावं, एवढंच मला हवं होतं. तेवढं दिसले. न्याय राहून गेला.”

बैलाचा दंड झाला. माझाच बैल, तो पांढऱ्या तोंडाचा. शिजायला घातला. आणि मग काकांनी शब्द पाळला. म्हणाले, “आता खुर्चीचं बोलू.”

मी उठले, शालीची माती झटकली आणि म्हणाले, “बोला. या खुर्चीत बसलेला एक तरी कोसी दाखवा जो कधीच चुकला नाही. तो दाखवलात की मी उतरते. काका, तुम्ही सगळ्यांत जुने. तुम्हीच सांगा.”

काकांनी काठीने विस्तवातलं लाकूड आत सारलं. त्यांनाही कुठली तरी जुनी चूक आठवली असणार, मला ठाऊक नाही. मग म्हणाले, “मांस शिजलं का बघा रे.” आणि खुर्चीतून उठले. मी बसले. रा मोरापेदीचा बोअरचा तंटा त्याच दुपारी ऐकला.

मा खुमोने जेवताना माझ्या ताटात मांस वाढलं. बोलली मात्र नाही.

गाय तुझ्या वाड्यात आहे. गाभण आहे.

बोइकान्यो


मोरेटला, ३ सप्टेंबर २००६

रापुला,

तुझ्या पत्रात या वेळी एकच ओळ. “मोरेटलात बोललीस, डिखाकात कोण बोललं?” तू माझाच भाऊ आहेस, यात शंका नाही.

गेले होते डिखाकाला. पिकअपच्या मागे, धुळीत, उभी. तिथे मी कोणाची कोसी नाही. बायकांच्या शेवटच्या रांगेत जमिनीवर बसले. दुपार कलली तेव्हा तिथल्या वृद्ध कोसींनी विचारलं, “या बाईच्या वतीने कोणता पुरुष बोलणार?”

मी म्हणाले, “चूक माझी आहे, ती काकांना उसनी कशी देऊ?”

त्यांना हसू आलं, म्हणून बोलू दिलं. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. सेतुन्याचे वडील मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “आम्हीही ऐकीव गोष्टीवर घाई केली.” मला वाटलं, झालं काम. आता तुला लिहायचं, ये, गाय तयार आहे, मुलगी तयार आहे.

तेवढ्यात सेतुन्या उठली. दवाखान्यातल्या कामाच्या कपड्यांतच आली होती. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण घरी येईपर्यंत मी तेच घोकत होते.

“मामांनी निरोप नेला तो घरच्यांचा. मला कोणी विचारलं नाही. रापुलानेही नाही. तो चोर आहे असं मला एक दिवसही वाटलं नाही. बस थांबते तिथे मी त्याची वाट बघत उभी राहिले, तो सरळ खाणीत निघून गेला. त्याने ठरवून टाकलं की मीही त्याला चोर समजत असणार. माझं काही न ऐकता त्याने माझा निकाल लावला. या ताईंनी निदान येऊन सांगितलं. तो कधी सांगणार?”

रापुला, जे मी तुझ्याशी केलं ते तू तिच्याशी केलंस. एकाच आईची लेकरं आपण.

आता मला ओळी पाठवू नकोस. मी भरायचं ते भरलं आहे आणि आणखी भरेन, तक्रार नाही. पण वर्षभर तू अन्याय झालेला म्हणून तिथे बसून आहेस, आणि इथे तुझ्याविरुद्ध फिर्याद पडून आहे. मी मध्ये पडणार नाही. तिने लग्न केलेलं नाही. करीन असंही म्हणाली नाही. ऐकून घेईन, एवढंच म्हणाली.

डिखाकाला ये. तिच्या घरी नको जाऊस, खोत्ल्यात ये, जिथे ती उभी राहून बोलली. आणि पहिलं वाक्य ‘पण’ने सुरू करू नकोस. मी पिकअपमध्ये वाटभर तशीच वाक्यं जुळवत होते, एकही उपयोगी पडलं नाही.

तुझी बहीण,
बोइकान्यो